झेरॉक्सवाल्यानं कॉमिक छापून द्यावं का?

नवीपेठकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नवी पेठेत माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. प्रश्न धंद्यातला आहे, पण नुसता धंद्याचा नाही, म्हणून इथं टाकतोय.

कॉलेज सुटलं की दुकानात पोरांची गर्दी होते. नोट्स, प्रॅक्टिकलच्या फायली, आधार कार्ड, हे नेहमीचंच. हल्ली त्यात एक नवीन गिऱ्हाईक दिसतं. मोबाईल पुढं करतं, "काका, व्हॉट्सअ‍ॅपला पाठवू?" म्हणतं आणि येतं काय तर अख्खं मंगा. जपानी कॉमिक, काळं-पांढरं, पावणेदोनशे-दोनशे पानांचं. पाठपोट प्रिंट आणि स्पायरल पाहिजे असतं. एका पोरानं तर मी स्पायरलच्या मशीनला कागद लावतोय तेवढ्यात हात धरला, "काका, डावीकडून नाही, उजवीकडून भोकं पाडा. उजवीकडून डावीकडं वाचायचं असतंय ते." म्हणजे पोरगं अडाणी नाही, रसिक आहे. तीच तर पंचाईत.

हिशोब बघा. १९० पानं, बाजूला रुपया, स्पायरलचे चाळीस. दोनशे तीस रुपयांत काम झालं. तेच पुस्तक विकत घ्यायला गेलं तर चारशे-पाचशे, काही भाग त्याहून महाग, आणि सोलापुरात हाताळून घ्यायला मिळत नाहीच. मी नको म्हणतो. पोरगं वाद घालत नाही, रस्ता ओलांडून दुसरीकडं जातं.

आता गंमत अशी की याच जागेत माझे वडील कॉमिक भाड्यानं द्यायचे. सुतळीला टांगलेले अंक, पुठ्ठ्याची कव्हरं, पान फाटलं तर दंड. एक अंक पन्नास हातांतून फिरायचा आणि प्रकाशकाला पैसे मिळायचे एकाच प्रतीचे. ती पायरसी नव्हती, आणि ही आहे? मला खरंच विचारायचंय, कॉमिकचा धंदा बसतो तो कशानं? चोरून वाचणाऱ्यांमुळं, की विकत न घेणाऱ्यांमुळं?

पूर्वभागातला

काय बे, हे विचारायचं हाय का? इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं आन् १९९० ला बंद पडलं. तवा पीडीएफ कुठं होतं? टेलिग्राम कुठं होतं? तेच्यातल्या वेताळला कुणी स्कॅन करून मारलंय व्हय? टीव्हीनं मारलं तेला. ८७ ला रामायण आलं, ८८ ला महाभारत, मागनं व्हीसीआर आन् केबल. आमच्या गल्लीत रविवारी सकाळी कॉमिकच्या दुकानात कुत्रं नसायचं.

आन् आमी काय वाचायचो? घरात तेलुगू, शाळेत मराठी, कॉमिक हिंदी. नागराज, ध्रुव, डोगा. मराठीत तसलं काय मिळायचंच नाय तर काय करणार? मी हिंदी शिकलो ते नागराजमुळं, बाईंमुळं नव्हं.

जुनेअंक

पूर्वभागातला, इंद्रजाल मराठीतही यायचं हो! वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. माझ्याकडं मराठी अंकांची बरीच थप्पी आहे.

त्या थप्पीच्या जोरावर एक कडू बोलतो. जुन्या अंकांपुरतं तरी स्कॅन करणाऱ्यांचे उपकार आहेत. त्या कागदाचा आता पापड झालाय, पान उलटताना कोपरा हातात येतो. प्रकाशकानं जपलं नाही, ग्रंथालयांनी 'पोरांचं वाचन' म्हणून घेतलं नाही, घरच्यांनी रद्दीत किलोवर घातलं. जे टिकलं ते कुणीतरी रात्री जागून स्कॅन केलं म्हणून. याला सरसकट चोरी म्हणणं मला जड जातं. जी गोष्ट कुणी विकतच नाही, ती घेतली नाही म्हणून कुणाचा गल्ला रिकामा होतो?

पार्कचौक_वकील

जुनेअंक, भावना पोचल्या. कायदा मात्र 'कुणी विकतंय का' असं विचारत नाही. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. चाचा चौधरी काढणारे चित्रकार प्राण २०१४ मध्ये वारले, म्हणजे २०७४ साल संपेपर्यंत थांबा.

नवीपेठकर, तुमच्यासाठी महत्त्वाचं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. पोरगं 'खासगी वापर' म्हणून काहीतरी युक्तिवाद करू शकेल. तुम्ही पैसे घेऊन छापता, तुम्हाला तो आडोसा नाही.

कुणीतरी दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा खटला काढेलच, म्हणून आधीच सांगतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल दुकानाच्या बाजूनं गेला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागं घेतला. पण तिथं प्रश्न अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली निवडक प्रकरणं छापण्याचा होता. शिक्षणासाठी कायद्यात सवलत आहे. मंगा अजून कुठल्या सेमिस्टरला लागलेलं नाही.

मंगावाला_जुळेसोलापूर

ते पोरगं मी नाही, पण मी असू शकलो असतो 😅

काका, माझी बाजू ऐका. मी दुसऱ्या वर्षाला आहे. वन पीस या मंगाचे शंभराच्या वर खंड आलेत. चारशेनं गुणा. घरी सांगितलं तर वडील मलाच विकतील. सोलापुरात दुकान नाही, पुण्याला जायचं तर हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट धरायचं. ऑनलाइन मागवलं की कोपरे चेपलेले येतात, मधला एखादा खंड कायम 'उपलब्ध नाही'.

आणि हे पण खरं सांगतो, आम्ही सगळे चोरूनच वाचतो असं नाही. जपानच्या प्रकाशकानं २०१९ ला मंगा प्लस नावाचं अ‍ॅप काढलं. जपानमध्ये येतो त्याच दिवशी नवा भाग इंग्रजीत, पहिले काही आणि शेवटचे काही भाग फुकट. तेव्हापासून ताज्या भागासाठी मी चोरीच्या साइटवर जात नाही, कारण तिथल्या घाणेरड्या जाहिराती कोण बघत बसणार? वेळेवर आणि परवडेल असं दिलं तर आम्ही घेतो. मधले भाग मात्र... असो.

चित्रपट्टी

मूळची सोलापूरची, आता पुण्यात. पोटासाठी जाहिरातींची चित्रं काढते आणि हौसेसाठी कॉमिक. दोन अंक स्वतः छापलेत, त्यामुळं या धाग्यावर बोलायचा मला अधिकार आहे असं समजते.

पहिल्यांदा छपाई. ३२ पानी रंगीत अंक, सोळा पानी फॉर्म (एका मोठ्या कागदावर पाठपोट सोळा पानं) धरला तर चार रंगांच्या मिळून आतल्या पानांच्याच सोळा प्लेटा होतात, कव्हरच्या चार वेगळ्या. प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च तीनशे प्रतींना जेवढा, तेवढाच तीन हजारांना. म्हणजे तीनशे छापल्या तर एक प्रत एवढी महाग पडते की किंमत ऐकूनच लोक अंक खाली ठेवतात. तीन हजार छापायच्या तर पैसे आणि कॉटखालची जागा दोन्ही पाहिजे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे म्हणून लोकांना वाटतं मजा आहे. कागदावर, छपाईवर तो मी भरतेच, आणि पुस्तकावर शून्य असल्यामुळं वजावटही मिळत नाही. वर वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीतले चाळीस-पन्नास टक्के घेतात. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल, रजिस्टर्ड बुक पोस्ट, बंद झालं, तेव्हापासून परगावच्या वाचकाला एक प्रत पाठवायची म्हणजे अंकापेक्षा टपाल डोईजड.

माझा दुसरा अंक आला, त्याच आठवड्यात त्याची पीडीएफ एका ग्रुपवर फिरत होती. स्कॅन इतका सपाट होता की कळत होतं, कुणीतरी पिना काढून, पानं सुटी करून, निगुतीनं केलंय. म्हणजे विकत घेणाऱ्यानंच केलं! खाली प्रतिक्रिया काय, तर 'ताई, भारी काम, पुढचा कधी?' अरे, पुढचा कशातून काढू?

म्हणून जुनेअंक, तुमच्या म्हणण्यात मी एक भर घालते. तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या अंकाचा स्कॅन आणि परवा आलेल्या अंकाचा स्कॅन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यानं कुणी उपाशी राहत नाही. दुसऱ्यानं पुढचा अंक गर्भातच मरतो, कारण आमच्यासारख्यांचा सगळा हिशोब पहिल्या महिन्याच्या विक्रीवर असतो.

जुनेअंक

मान्य. ताज्याला हात लावू नये.

आकडेमोड

सगळे मनातलं बोलताय, थोडे आकडेही असू द्यात.

जपानमध्ये मंगामुरा नावाची चोरीची साइट होती, एप्रिल २०१८ मध्ये बंद झाली. तिच्यामुळं सुमारे ३२० अब्ज येनचं नुकसान झालं असा तिथल्या पायरसीविरोधी संघटनेचा अंदाज. चालवणारा फिलिपिन्समध्ये सापडला, २०२१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढं २०२४ मध्ये टोकियोच्या कोर्टानं त्याला तीन बड्या प्रकाशकांना मिळून सुमारे १.७ अब्ज येन भरपाई द्यायला लावली.

३२० अब्जाचा अंदाज आणि १.७ अब्जाची भरपाई, यातलं अंतर बघा. कोर्टानं मोजकीच पुस्तकं बघितली हे खरं, पण अंदाज फुगण्याचं मुख्य कारण म्हणजे 'जितकं फुकट वाचलं तितकं सगळं विकत घेतलं असतं' हे गृहीतक. नवी पेठेतला तो मुलगा दोनशे तीसला घेतो, म्हणून पाचशेला घेतलाच असता असं नाही. पण शून्य नुकसान म्हणणंही तितकंच खोटं. त्याच्या खिशातून दोनशे तीस तर निघालेच ना? कॉमिकसाठीच निघाले. फक्त ते चित्रकाराकडं न जाता झेरॉक्सच्या गल्ल्यात गेले.

आणि त्याच जपानमध्ये २०२३ ची मंगाची विक्री सुमारे ६९४ अब्ज येन होती, त्यातली ४८३ अब्ज डिजिटल. एवढी चोरी होऊनही बाजार वाढला, कारण अधिकृत अ‍ॅप चोरीपेक्षा सोयीचं केलं.

आता खरेदीच्या सवयीनं धंदा कसा बसतो ते अमेरिकेत बघा. १९९१ मध्ये एक्स-मेन या कॉमिकच्या नव्या मालिकेचा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त खपला. वाचणारे इतके नव्हते. वेगवेगळी कव्हरं काढली होती, लोकांनी 'पुढं भाव येईल' म्हणून एकेकानं पाच-पाच घेतले आणि प्लास्टिकमध्ये घालून ठेवले. मग कळलं की ऐंशी लाख प्रती असलेल्या वस्तूला भाव येत नसतो. दुकानं धडाधड बंद झाली, डिसेंबर १९९६ मध्ये एक्स-मेन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा कुणाच्या घरी कॉमिक डाउनलोड करण्याइतकं इंटरनेट होतं?

तिथं आणखी एक भानगड आहे. दुकानदारानं मागवलेले अंक परत जात नाहीत, पडून राहिले तर त्याच्याच माथी. म्हणून तो दोन-तीन महिने आधी, गिऱ्हाइकांनी नोंदवलं असेल तेवढंच मागवतो. 'सगळी कथा एकत्र पुस्तकात आली की घेऊ' म्हणणारा वाचक पैसे देणारच असतो, चोर नसतो, पण तोवर मालिका कमी नोंदणीमुळं बंद झालेली असते.

पूर्वभागातला

आकडेमोडसाहेब, हे आपल्यात पण चाललंय की. जुन्या हिंदी कॉमिकचं बघा. आता पुनर्मुद्रण निघालंय, चकचकीत कागद, प्री-बुकिंग. घेणारं कोण? आमच्यासारखे चाळिशीतले. वाचायला नव्हं, कपाटात लावायला! माझा पोरगा हात लावला की मीच ओरडतो, "पान मुडपू नकोस." अन् पाच रुपयाचा जुना अंक पाचशेला विकणारे यड्यागत झालेत. ते पाचशे प्रकाशकाला जातंय व्हय? नवीन पोरं वाचणार कुठनं?

मंगावाला_जुळेसोलापूर

+१. आणि आम्हाला चोर म्हणतात 😂

होटगीरोड_आजी

मी नातवंडांसाठी अमर चित्रकथा घेते. १९६७ पासूनची, अनंत पैंची. माझ्या मुलांनी वाचलेलेच अंक आता नातवंडं वाचतात, तर प्रकाशकाला माझ्याकडून दुसऱ्यांदा काय मिळणार? हे चूक का? पुस्तक विकत घेतलं, आता ते घराचं.

एक मात्र आहे. मुलाला पुस्तक घेऊन द्यायचं म्हटलं की आपल्याकडं आईबाप आधी विचारतात, 'अभ्यासाचं आहे का?' पिझ्झ्याला असं विचारताना कुणी दिसत नाही.

पार्कचौक_वकील

आजी, तुमचं शंभर टक्के कायदेशीर. विकत घेतलेली प्रत वाचा, वाटा, विका, भाड्यानंही द्या. नवीपेठकरांच्या वडिलांनी केलं ते तसंच. मूळ प्रत एकच राहते. झेरॉक्समध्ये प्रत वाढते, फरक तेवढाच आणि तोच मोठा.

सातरस्ता_टेक्स्टाइल

माझ्या मते आपण सोलापूरकरांनी तरी 'त्यात काय एवढं' म्हणू नये. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे. तरी बाहेरच्या गावात बनलेली चादर 'सोलापुरी' म्हणून निम्म्या दरात रस्त्यावर विकतात, आणि आपण तावातावानं बोलतो की कारागिराच्या पोटावर पाय आला. मग ताईंच्या अंकाची पीडीएफ आली की 'मोठ्या कंपनीला काय फरक पडतो'? ताई मोठी कंपनी आहे का?

आकडेमोड

चादरीत गिऱ्हाइकाला फसवतात. पीडीएफवाल्याला कुणी फसवत नाही, त्याला सगळं माहीत असतं.

सातरस्ता_टेक्स्टाइल

मग ते जास्तच वाईट नाही का?

चित्रपट्टी

थोडं माझ्याच विरोधात बोलते. २०१० मध्ये स्टीव्ह लीबर नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं अख्खं पुस्तक कुणीतरी फोरचॅन या वेबसाइटवर टाकलं. त्यानं नोटीस पाठवायच्या ऐवजी तिथंच जाऊन वाचणाऱ्यांशी गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याची विक्री एकदम उसळली, आलेख त्यानं स्वतःच दाखवला होता. ही गोष्ट मला लोक कायम ऐकवतात, 'बघ, पायरसीनं जाहिरातच होते.' पण ती झाली कारण त्याचं पुस्तक ऑनलाइन लगेच विकत मिळत होतं, आणि वाचणाऱ्यांना समोर माणूस दिसला. मीही त्या ग्रुपवर गेले होते. 'ही माझी मेहनत आहे, आवडलं तर अंक घ्या' असं लिहिलं. काहींनी खरंच घेतला. अ‍ॅडमिननं मला काढून टाकलं ते वेगळं.

नवीपेठकर, तुम्हाला एक सुचवते. पोराला 'नको' म्हणून सोडू नका. तो तुमच्या काउंटरवर कॉमिकसाठी पैसे घेऊन उभा आहे. असं गिऱ्हाईक मला हजार पोस्टी टाकून मिळत नाही!

नवीपेठकर (धागाकर्ता)

चित्रपट्टीताई, हे डोक्यात बसलं.

दोन दिवस विचार केला, वितरकाशी फोनवर बोललो. मंगाचे पहिले दोन-तीन खंड आणि मराठी-हिंदी कॉमिक मिळून एक फळी लावतो. विक्रीचा माल आहेच, शिवाय प्रत्येकाची एक प्रत भाड्यासाठी वेगळी ठेवतो. वकीलसाहेब म्हणाले चालतं, म्हणजे वडिलांचाच धंदा. ज्याला वाचून बघायचंय त्यानं वीस-तीस रुपयांत घरी न्यावं, आवडलं तर नवीन घ्यावं. आगाऊ नोंदणीची वही ठेवतो. पाच-सहा नावं जमली की एकदम मागवायचं, म्हणजे कुरिअरही वाटलं जाईल आणि माल अंगावर पडणार नाही. ताई, तुमच्या दोन्ही अंकांच्या दहा-दहा प्रती पाठवा. पडून राहिल्या तरी परत करणार नाही, रोख पैसे देतो.

छापून देणं मात्र बंदच. समोरच्या दुकानाचं समोरचा बघेल.

चित्रपट्टी

पाठवते! पहिल्यांदाच कुणी परत न करण्याच्या बोलीवर घेतंय.

जुनेअंक

माझ्याकडचे दुहेरी झालेले काही मराठी इंद्रजाल तुमच्या भाड्याच्या फळीला देतो. पुठ्ठ्याचं कव्हर घाला आणि फाडणाऱ्याकडून दंड घ्या.

पूर्वभागातला

दंड घ्या म्हणालाय बघा 😄 मी नोंदणी करतो. ध्रुवचं जे काय येईल ते. कपाटाला नव्हं, पोराला.

मंगावाला_जुळेसोलापूर

काका, मित्र पण येणार आहेत, आम्ही चौघं मिळून खंड वाटून घेतो, म्हणजे एकाला सगळे घ्यावे लागणार नाहीत. सवलत किती देणार?

नवीपेठकर (धागाकर्ता)

दहा टक्के.

मंगावाला_जुळेसोलापूर

ऑनलाइन वीस आहे.

नवीपेठकर (धागाकर्ता)

ऑनलाइन कोपरे चेपून येतात, तूच म्हणालास. बारा.

पूर्वभागातला

पंधरा करा की बे, विषय संपवा.